घोड्याची मागची बाजू

आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक पडदा होता. त्याच्यामागे खिडकी नव्हती, दार नव्हतं, नुसती भिंत. तरी आम्ही त्याला पडदाच म्हणायचो, कारण मामंजी तसं म्हणायचे, आणि सासऱ्यांनी एकदा म्हटलं की घरात दुसरा शब्द चालत नसे. लोकरीत आणि रेशमात विणलेलं चित्र होतं ते. एक घोडा, घोड्यावर स्वार, पुढे शिंग फुंकणारा माणूस, आजूबाजूला झाडं. झाडं निळी. येणारा प्रत्येक जण विचारायचा, झाडं निळी का? मी सांगायचे, पूर्वीच्या श्रीमंतांच्या बागांत असायची तशी. लोक मान डोलवायचे. खात्रीने सांगितलं की लोकांना निळं झाडही पटतं.

स्वार बोडका. मान वळवून मागे बघणारा, एक हात मागे लांब केलेला. कशासाठी, ते कळायला मार्ग नव्हता, कारण हाताच्या पंजापाशी पडदा संपायचा. घोडाही खोगिराच्या जरा मागे संपायचा.

तो तसाच विणलेला नव्हता. तो कापलेला होता.

मामंजींना दोन मुलगे. वाटणीच्या वेळी त्यांनी सगळं निम्मं निम्मं केलं. भांडी, सतरंज्या, चमचे. एक चमचा जास्त निघाला, तो त्यांनी स्वतःकडे ठेवला आणि जन्मभर त्यानेच जेवले, म्हणजे कोणी कोणाकडे बोट दाखवायला नको. मग माळ्यावरून हा पडदा काढला. चारशे वर्षांचा आहे, असं ते म्हणायचे. आता चारशे वर्षांची वस्तू एकाला द्यावी आणि दुसऱ्याला काहीतरी दुसरं द्यावं, हे कोणालाही सुचलं असतं. मामंजींना सुचलं नाही. त्यांनी टेप आणली, मधोमध खडूची रेघ मारली, शिंप्याकडून मोठी कात्री मागवली आणि म्हणाले, "न्याय म्हणजे न्याय." मी तेव्हा अख्खा पडदा एकदाच पाहिला, पण त्यात काय काय होतं ते मला आठवत नाही. माझं लक्ष कात्रीकडे होतं.

थोरले म्हणून आम्हाला पुढची बाजू मिळाली, धाकटे म्हणून दिरांना मागची. मी कापलेल्या कडेला गोट शिवला, मागून अस्तर लावलं, आणि पडदा खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगला, म्हणजे आत आलेल्या माणसाला तो पहिल्यांदा दिसावा.

आणि मग एकदा दिरांच्या घरी सगळे जमले असताना कोणीतरी विचारलं, तुमच्या त्या पडद्याचं काय झालं? मी म्हटलं, "काय व्हायचं? तोंड आमच्याकडे, शेपूट यांच्याकडे." सगळे हसले. मी आजही म्हणते, वाक्य चांगलं होतं. पण माझ्या जावेने हातातल्या बश्या खाली ठेवल्या, आत गेली, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. दीर गेले तेव्हा मी भेटायला गेले. तिने मला पाण्याचा पेला दिला. तोही माझ्या हातात नाही, टेबलावर.

एवढं झालं तरी माझं काही अडलं नव्हतं. अडलं ते मधलीचं.

मला तीन मुलं. थोरला परगावी, धाकटा त्याहून लांब. दोघंही फोनवर फार प्रेमळ आहेत. मधली माझ्याजवळ. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारणाऱ्या बायकांना मी विचारते, तुम्ही केलंत, काय हाती लागलं? मग त्या विषय बदलतात. मधली चष्म्याच्या दुकानात काम करते. म्हणजे काउंटरवर उभी राहून हसत नाही, मागच्या खोलीत काच घासते. यंत्रावर काच धरायची, पाण्याची धार सोडायची, आणि डोळ्याला हवी तेवढीच घासायची. जराशी जास्त घासली गेली की ती काच गेली. तरुणपणी त्या खोलीत शिरली ती तिथलीच झाली. तिची बोटं बघा, टोकं गुळगुळीत झालीत.

दुकानाचे मालक, आम्ही त्यांना चष्मेवाले काकाच म्हणतो, आता थकले. मुलीकडे राहायला जायचं ठरलं. त्यांनी दुकानाचं आधी मधलीलाच विचारलं. पण शेजारचा मोबाइलवाला टपलेला होता. त्याने दारावरच्या पाटीचं मापसुद्धा घेऊन ठेवलं होतं, शिडी लावून, काका आत बसलेले असताना. काका मधलीला म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत थांबतो, पोरी. त्यापुढे माझा जावई थांबू देणार नाही."

मधलीकडे साठवलेलं होतं ते दुकानाच्या किमतीच्या अर्ध्यावरही येत नव्हतं. भाऊ फोनवर म्हणाले, बघू. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही, फक्त हसून सांगितलेलं.

तेव्हा मी भिंतीकडे बघितलं आणि म्हटलं, "हा विकून टाक."

मधली म्हणाली, "आई, तुझा पडदा?"

"माझा म्हणूनच म्हणतेय. लोकांचा असता तर मी सल्ला दिला नसता."

काकांच्या दुकानात एक बाई भिंग दुरुस्तीला द्यायची. जुनी कापडं, गालिचे, पडदे पारखायचा तिचा धंदा. संग्रहालयवाले तिला बोलवायचे, विकणारे आणि विकत घेणारे दोघंही तिच्या शब्दावर थांबायचे. तिच्या भिंगाची काच मधलीनेच घासलेली, म्हणून मधलीने विचारल्यावर ती घरी आली. आखूड केस, खांद्याला पिशवी, पायात पुरुषांसारखे बूट. आल्याआल्या म्हणाली, "आजी, हात कुठे धुऊ?"

"मोरीत धुवा. आणि आजी कोणाला म्हणता? मी तुमच्या आईच्या वयाची असेन."

"माझी आई आजीच आहे," ती म्हणाली. मला ती तेवढ्यावरच आवडली, पण दाखवलं नाही.

पडदा भिंतीवरून उतरवून आम्ही तो साफ चादरीवर पसरला. मला वाटलं होतं ती पुढून बघेल, स्वाराचं तोंड वगैरे. तिने तो पालथा घातला. म्हणाली, "पुढची बाजू पाहुण्यांसाठी असते. खरं काय ते मागे असतं." आणि मला विचारून अस्तराचे चार टाके उसवले.

मी वाकून पाहिलं. मागे धाग्यांची टोकं लोंबत होती, गाठी होत्या, एका रंगाचा धागा दुसऱ्या रंगावरून उडी मारून पुढे गेलेला होता. मला लाजच वाटली, कोणी आपलं कपाट उघडून बघावं तशी.

"हे फार चांगलं आहे," ती म्हणाली. "यंत्रावर विणलेलं असतं तर मागे सगळे धागे शाळेतल्या मुलांसारखे रांगेत असते. ही टोकं म्हणजे माणसाचा हात."

मग तिने झाडाच्या मागची जागा दाखवली. तिथे झाड हिरवं होतं. गडद, पावसानंतरच्या पानासारखं हिरवं.

"म्हणजे निळं खोटं?" मी विचारलं.

"खोटं नाही. हिरवा रंग करताना आधी निळा द्यायचे, त्यावर पिवळा. उन्हाने पिवळा उडून गेला, निळा राहिला. हा कुठे टांगलेला असतो?"

मी खिडकीकडे बघितलं. तीही बघायला लागली. खिडकीतून नेहमीसारखं भरपूर ऊन येत होतं. मधली खोकली.

"लोकांना दिसावा म्हणून," मी म्हटलं.

"दिसला असणार," ती म्हणाली.

पुष्कळ वेळ ती भिंग लावून बघत राहिली. धाग्यांवर पट्टी ठेवून मोजायची, वहीत न लिहिता तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. काळ्या रेघा जिथे होत्या तिथे लोकर झिजून गेली होती, ती म्हणाली काळा रंग लोखंडाच्या पाण्याने करायचे, तो लोकर खातो, हेही चांगलं लक्षण. मी म्हटलं, "तुमच्या धंद्यात जे जे कुजलंय ते ते चांगलं दिसतं." ती हसली. मग सरळ बसली आणि मधलीकडे बघून सांगायला लागली. वाईट बातमी माणूस नेहमी कमी भांडणाऱ्याला सांगतो.

"हातमागाचं काम आहे. रंग झाडपाल्याचे आहेत, रसायनाचा एकही नाही. म्हणजे दीडशे वर्षांच्या अलीकडचं नाही. पण पलीकडे किती, ते मला यावरून सांगता येणार नाही. कपड्यांवरून सांगावं तर विणकर जुनी चित्रं बघून पुन्हा पुन्हा विणायचे. खालच्या कडेला कारखान्याची खूण असते, ती असली तर विषयच मिटतो. या बाजूला ती नाही." तिने माझ्या गोटावर बोट ठेवलं. "हे कोणी शिवलं?"

"मी."

"टाके सुरेख आहेत. पण हा गोट खालची कड झाकायला नाही, कापलेली बाजू झाकायला आहे. दुसरा भाग कुठे आहे?"

मी म्हटलं, "असेल कुठेतरी."

मधलीने माझ्याकडे असं पाहिलं की मी उशीचा अभ्रा सरळ करायला लागले.

"आणि हा नुसता एवढाच विकला तर?" मधलीने विचारलं.

"अर्धा घोडा कोणी घेत नाही," ती म्हणाली. "शोभेचं जुनं कापड म्हणून जाईल. कोणीतरी उशा करेल." ती किंमतही बोलली. तेवढ्यात दुकान तर सोडाच, दुकानाची पाटीही आली नसती. "दोन्ही भाग असले आणि खूण सापडली, तर मात्र दुप्पट नाही, कितीतरी पट. इथल्या संग्रहालयाला शिकारीचं चित्र हवंच आहे. मी त्यांच्याशी बोलू शकते. पण अख्खं असलं तर."

ती गेल्यावर मधलीने चादरीची घडी केली. दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना स्वतःची छोटी पेटी घेऊन आली, पक्कड, स्क्रू, मऊ कापडं, काच धरायचा चिमटा. पलंगाखाली सरकवली. मी विचारलं, "ही का आणलीस?"

"हळूहळू आणलेलं बरं. एकदम आणलं की जड होतं."

"काकूकडे जाऊन विचार की."

"मी नाही विचारणार, आई. तिने काय म्हणून द्यावं? तुम्ही दोघी एकमेकींचं तोंड बघत नाही आणि मी जाऊन म्हणू, काकू, तुझा पडदा माझ्या दुकानासाठी दे?" तिने पेटी आणखी आत ढकलली. "राहू दे. मोबाइलवाल्याकडे काम बघेन. फोनच्या काचाही बदलतात माणसं."

फोनच्या काचा. माणसाच्या डोळ्यासाठी काच घासणारी माझी पोर. रात्रभर मला राग आवरला नाही, आणि कोणावर काढावा हेही सुचेना, कारण मामंजी कधीच गेले होते.

सकाळी मी चांगली साडी नेसले आणि मधलीला म्हटलं, "चल."

जावेचं घर तिसऱ्या मजल्यावर, खाली कपडे धुऊन इस्त्री करणाऱ्याचं दुकान. जिन्यात सगळी वाफ आणि साबणाचा वास. मी प्रत्येक मजल्यावर थांबले. मधली म्हणाली, "दमलीस?" मी म्हटलं, "विचार करतेय." मी बेल वाजवली. साखळी लावलेल्या दारातून आवाज आला, "कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"आवाज ओळखला नाहीस?"

"ओळखला म्हणून तर विचारतेय."

मधली पुढे झाली, "काकू, मी आहे." तेव्हा साखळी निघाली. जाऊ वाळली होती. केस सगळे पांढरे, पण कपाळ तसंच ताठ. खोली एवढीशी, पण पलंगाची चादर अशी ओढलेली की नाणं टाकलं तर उडावं. मी मनात म्हटलं, ही तेव्हाही अशीच करायची, मला दाखवायला.

मधलीने सगळं सांगितलं. दुकान, काका, मोबाइलवाला, पारखी बाई, खूण. काही मागितलं नाही, फक्त सांगितलं. जावेने ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे तोंडाला किंमत नाही म्हणता."

"असं कोणी म्हटलं?"

"त्या बाईने म्हटलं ना. शेपूट शोधून आणा म्हणाली."

"खूण शोधून आणा म्हणाली."

"तेच ते."

मी उठणारच होते. मधलीने टेबलाखालून माझा पदर धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा.

"तुझ्याकडे आहे की नाही, एवढं सांग," मी म्हटलं. "विकून टाकला असशील तर तसं सांग, आम्ही जिना उतरतो."

"रोज त्याच्यावर झोपते," जाऊ म्हणाली.

आम्हाला वाटलं ती टोमणा मारतेय. ती उठली, गादीचा कोपरा उचलला. खाली फळीवर, जुन्या धोतरात गुंडाळलेला, सपाट पडदा. वाटणीनंतर तिने तो भिंतीवर कधी लावलाच नव्हता. "कोणी विचारलं की मला तुमचं वाक्य आठवायचं," ती म्हणाली. "मग म्हटलं, पाठीखालीच असू दे."

आता इथे मला काहीतरी बोलायला हवं होतं, हे मला कळत होतं. मी म्हटलं, "एका वाक्यासाठी इतकी वर्षं?"

जाऊ गादी तशीच धरून उभी होती. "तुमच्या वाक्याचं मला काही नव्हतं, जाऊबाई. तुम्ही बोलताच तशा, कावळा काव काव करतो म्हणून कोणी रुसत नाही. पण त्या दिवशी सगळे हसले त्यात हेही हसले. माझा नवरा. माझ्यासमोर, माझ्या घरात." तिने गादी खाली सोडली. "आता ज्याच्याबरोबर रोज राहायचं त्याच्याशी अबोला कसा धरायचा? भाजीत मीठ किती, एवढं तरी विचारावं लागतं. म्हणून तुमच्याशी धरला. तुम्ही सोयीच्या होतात."

सोयीच्या. म्हणजे इतकी वर्षं मी समजत होते की माझ्या एका वाक्याने हिला जन्माची जखम झाली. मी त्याचा थोडा अभिमानही बाळगला होता. आणि ही म्हणते, मी सोयीची होते. माझ्यासारख्या बाईचा याहून मोठा अपमान झालेला नाही. पण गंमत अशी, की माझा राग तिथेच उतरला. दिरांचं हसणं मला आठवलं, घोडा खिंकाळावा तसं हसायचे ते. मी म्हटलं, "त्यांचं हसणं वाईटच होतं."

"फार वाईट," जाऊ म्हणाली. आणि मग तिने आम्हाला चहा विचारला. कप माझ्या हातात दिला.

पारखी बाईला तिथेच बोलावलं, जावेच्या घरी, कारण जाऊ म्हणाली माझा भाग हा उंबरा ओलांडणार नाही, तुमचा आणा. आमचा पडदा मधलीने गुंडाळून बसमध्ये उभा धरून आणला. पलंग भिंतीला सरकवला तेव्हा कुठे दोन्ही भाग शेजारी मावले. मी गोट आधीच उसवून आणला होता.

धोतर उलगडलं आणि आम्ही सगळ्या वाकलो. जावेची झाडं हिरवी होती. पुढूनसुद्धा. पाणी निळं, आकाश पिवळसर, एका कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा लालभडक. माझी बाजू तिच्याशेजारी अशी दिसत होती, जशी मी माझ्या लग्नातल्या फोटोशेजारी दिसते.

"ऊन नाही, धूळ नाही, घडी नाही," पारखी बाई गुडघ्यावर बसत म्हणाली. "काकू, हे असं कोणी ठेवायला सांगितलं?"

"रागाने," जाऊ म्हणाली.

मधलीने दोन्ही कडा एकमेकींना भिडवल्या. बोटाने धागा धाग्याला लावत गेली, काच बसवते तशी, श्वास धरून. घोड्याला पोट मिळालं, पाठ मिळाली. आणि स्वाराच्या लांब केलेल्या हातापुढे, जावेच्या बाजूला, एक बाई होती. टोपली काखेला, पाय ओढ्यात, आणि हात वर करून ती स्वाराची टोपी त्याला परत देत होती. टोपी पडली होती बिचाऱ्याची. एवढंच होतं. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना मी काय काय सांगितलं होतं, शत्रू मागे लागलाय, राजाचं बोलावणं आलंय. तो आपला टोपी घेत होता.

जाऊ म्हणाली, "मला वाटायचं ही बाई कोणाला टोपी फेकून मारतेय."

"तुला तसंच वाटणार," मी म्हटलं.

पारखी बाईचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ती खालच्या कोपऱ्यात, मागच्या खुरांच्या खाली, कडेच्या निळ्या पट्टीवर भिंग धरून ओणवी झाली होती. मग तिने मधलीला बोलावलं आणि भिंग तिच्या हातात दिलं. "तूच बघ. तुझीच काच आहे." मधलीने पाहिलं. मग मी पाहिलं. पट्टीत पिवळ्या रेशमाने विणलेलं एक लहानसं फूल, तीन पाकळ्यांचं, आणि त्याच्या बाजूला दोन उभ्या रेघा. मला ते टाका चुकल्यासारखं वाटलं असतं.

"हा कारखाना मला माहीत आहे," ती म्हणाली. "बाप आणि मुलगा, दोघांनीच चालवला. बापाच्या कामावर एक रेघ, मुलाच्या कामावर दोन. मुलगा गेल्यावर बंद पडला. अडीचशे वर्षं धरा, थोडं इकडेतिकडे."

"चारशे नाही?" मी विचारलं.

"नाही, आजी."

माणसं स्वतःचं वय कमी सांगतात आणि वस्तूंचं वाढवून. मामंजींनी दोन्ही केलं होतं. मी म्हटलं, "अडीचशेही काही कमी नाही," आणि जावेने मान हलवली. आम्हा दोघींचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं, असं कधी झाल्याचं मला आठवत नाही.

कापल्याने किंमत उतरली होतीच, माझ्या बाजूचं ऊन त्यातूनही वजा झालं. पण जोडकाम करता येईल अशी सरळ कापलेली कड आहे, असं ती म्हणाली. एवढं श्रेय मामंजींच्या कात्रीला द्यायला हवं. संग्रहालयाचे लोक येऊन बघून गेले, आपसात कुजबुजले, पुन्हा आले. मग आकडा सांगितला. तो मी इथे सांगणार नाही. आकडा कळला की नातेवाईक वाढतात. इसार म्हणून जे लगेच देणार होते तेवढे मधलीच्या साठवलेल्यात घालून दुकान होत होतं. पण तेवढं तेव्हाच, जेव्हा जाऊ आपला निम्मा हिस्सा मागणार नाही.

ते कोणी बोलत नव्हतं. संग्रहालयाचा माणूस कागद पुढे करून बसलेला. मधलीने पेन घेतलं आणि ठेवलं. "काकू," ती म्हणाली, "निम्मे तुझे आहेत. मी पुढच्या हप्त्यापर्यंत काकांना थांबा म्हणून बघते."

"काका थांबणार नाहीत, त्यांचा जावई आहे," जाऊ म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "मी पैसे घेऊन काय करू? या जिन्याला पाय सोन्याचे लावू? मुलगा तिकडे, मी इकडे, खालच्या इस्त्रीवाल्याशी दिवसाला दोन वाक्यं होतात, त्यातलं एक तो बोलतो." तिने कागद स्वतःकडे ओढला. "मला दुकानात बसायचंय."

"कुठल्या दुकानात?" मी विचारलं.

"हिच्या." मग मधलीला, "माझा हिस्सा दुकानात घाल, आणि मला पुढे बसव. तू मागे काच घास, पुढे कोणीतरी लागेलच की."

"पुढे मी बसणार होते," मी म्हटलं. असं काही ठरलं नव्हतं, पण त्या क्षणी ठरलं.

"तुम्ही बसलात तर गिऱ्हाईक आंधळं राहणं पसंत करेल."

मी मधलीकडे पाहिलं. ती माझी मुलगी, माझ्या बाजूने बोलेल. ती म्हणाली, "काकू, सही कर," आणि पेन जावेच्या हातात दिलं. टोपण काढायचं विसरूनच. यंत्रावर कधी न चुकलेली माझी पोर. ते बघितल्यावर मीच हात पुढे करून टोपण काढून दिलं, आणि लोकांना हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

काकांनी किल्ल्या दिल्या त्या दिवशी मोबाइलवाला दारात येऊन म्हणाला, "अभिनंदन, बाई. पण म्हाताऱ्यांच्या धंद्यात काय ठेवलंय?" मी म्हटलं, "तूही होशील म्हातारा, तेव्हा ये. माप घेऊन ठेवते तुझं." जाऊ आतून हसली. तिचं हसणं दिरांपेक्षा बरं आहे.

आता ती रोज येते. आरशाशेजारी बसते. मीही येते, फक्त बघायला, असं मी मधलीला सांगितलंय. काउंटरच्या दुसऱ्या टोकाला माझं स्टूल आहे. परवा एक बाई आली, चांगल्या घरची, जाड काळी चौकट डोळ्यावर चढवून आरशात वळून वळून बघत होती. जाऊ म्हणाली, "ही घालून तुम्ही सतत कोणाचं तरी लग्न मोडायला निघाल्यासारख्या दिसता." मी डोळे मिटून घेतले. गेलं गिऱ्हाईक. पण बाई खुर्चीत बसून हसायला लागली. "माझी सून हेच म्हणते," ती म्हणाली, "फक्त माझ्या पाठीमागे." मग तिने जावेला दुसऱ्या चौकटी काढायला लावल्या, माझं मत विचारलं, दोघींशीही वाद घातला, आणि शेवटी एक बाहेर घालायला, एक वाचायला अशा दोन घेतल्या.

"काच कधी मिळेल?" तिने विचारलं.

"ते आत विचारते," मी म्हटलं आणि मागच्या खोलीचं दार ढकललं. मधली यंत्रावर वाकलेली होती, पाण्याची बारीक धार चालू, कोपरापर्यंत हात ओले. तिने वर न बघता बोटाने खूण केली, जरा थांब. मी दारातच उभी राहिले. काच प्रकाशाकडे धरून तिने पाहिली, पुन्हा धारेखाली धरली, पुन्हा पाहिली. मग म्हणाली, "त्यांना सांग, परवा या. घाईत काम देत नाही म्हणावं आपण."

"आपण," मी म्हटलं.

"हो, आपण. आणि आई, दार लाव, शिंतोडे बाहेर उडतात."

मी दार लावलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "परवा. आमच्याकडे घाईत काम होत नाही."